गिनीच्या गरिबीचं खापर फ्रान्सवर किती फोडायचं?

वाटसरू: बॉक्साइटचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या खनिजाचा, जगातला सगळ्यात मोठा साठा पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीत आहे, तरी लोक गरीबच. मला याचं मूळ 1958 मध्ये दिसतं. फ्रान्सच्या छत्राखालच्या फ्रेंच समुदायात राहायचं की बाहेर पडायचं, असं फ्रान्सचे तेव्हाचे पंतप्रधान द गोल यांनी आफ्रिकेतल्या आपल्या वसाहतींना विचारलं. 28 सप्टेंबरला 95 टक्क्यांहून जास्त मतं 'नाही'ला, म्हणजे बाहेर पडायला, देणारी गिनी एकटीच. फ्रेंच अधिकारी जाताना फायली आणि टेलिफोनसुद्धा उचलून घेऊन गेले. 1960 मध्ये गिनीनं स्वतःचं चलन काढलं, तर फ्रेंच हेरखात्यानं बनावट नोटा घुसवल्या. नव्या देशाचं कंबरडं मोडण्याचाच हा प्रयत्न होता.

अनघा: मान्य. पण 1958 नंतरची 26 वर्षं पहिले राष्ट्राध्यक्ष सेकू तुरे यांची होती, ती कोणाच्या खात्यावर टाकायची? आफ्रिकी एकता संघटनेचे पहिले सरचिटणीस दियालो तेली याच मातीतले. त्यांना तुरेंच्या राजवटीत कॅम्प बुआरो या तुरुंगाच्या कोठडीत अन्नपाणी तोडून मारलं, 1977 मध्ये. लाखो लोक शेजारच्या देशांत पळाले. डॉक्टर, शिक्षकच उरले नाहीत तर खनिज काय कामाचं?

वाटसरू: 1970 मध्ये पोर्तुगीजांनी समुद्रातून राजधानी कोनाक्रीवर हल्ला केला होता, हेही बघा. तुरेंची भीती खोटी नव्हती.

अनघा: हल्ला खराच. पण दोनच महिन्यांत तुरेंनी आपल्याच माजी मंत्र्यांना शहरातल्या पुलावर जाहीर फाशी दिलं. याला भीती म्हणून सोडून देता येणार नाही.

दगडमाती: दोघंही खाणीकडे बघतच नाही आहात. सांगारेदीच्या खाणीतली लाल माती, म्हणजे बॉक्साइट, मालगाडीनं कामसार बंदरात येते, वाळवली जाते आणि जहाजात पडते. साधारण चार टन बॉक्साइटमधून दोन टन ॲल्युमिना (शुद्ध केलेली पांढरी पूड), त्यातून एक टन ॲल्युमिनियम. मोल वाढतं ते पुढच्या दोन टप्प्यांत, आणि ते बहुतेक परदेशात होतात. गिनीतल्या फ्रिया गावात ॲल्युमिनाचा कारखाना 1960 मध्येच सुरू झाला होता, म्हणजे हे तिथे जमणारंच नव्हतं असं नाही. पुढे तसे कारखाने उभे राहिले नाहीत.

अनघा: कारण सरकारांनी करार तसेच केले!

दगडमाती: केले, पण भांडवल नसलेल्या देशाला कराराच्या टेबलावर किती ताणता येतं? 2025 मध्ये सरकारनं शुद्धीकरण कारखाना न उभारल्याबद्दल अमिरातीच्या कंपनीचा खाणपट्टा काढून घेतला. मला ते योग्य वाटलं. गिनीतल्याच सिमांदू डोंगरातलं लोहखनिज बाहेर जायला 2025 मध्ये सुरुवात झाली, 600 किलोमीटरहून लांब रेल्वे टाकून. तिथले करार लोकांपुढे उघडे ठेवा, ही मागणी आजच लावून धरायला हवी.