मदत हवी आहे: मीरा रोडला घर घेतोय, ओसी नसलेली जुनी बिल्डिंग की नवा टॉवर?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबलंय, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला सल्ला देता येणार नाही म्हणून लिहितेय.

आम्ही बोरिवली पूर्वेला भाड्याने राहतो. मी, नवरा, सहा वर्षांची लेक आणि सासूबाई. सात वर्षांत हे तिसरं घर. आता मालकांच्या मुलाचं लग्न ठरलंय, त्यांना घर हवंय, आमच्याकडे साधारण चार महिने आहेत. यावेळी दोघांनी ठरवलं की परत डिपॉझिट, परत ब्रोकरेज, परत लेकीची शाळेची बस बदला, हे नको, आता स्वतःचंच घ्यायचं. बोरिवली-दहिसर बघून झालं, आमच्या पैशात तिथे वन आरके सोडून काही बसत नाही. माझं ऑफिस फोर्टला, नवऱ्याचं अंधेरी पूर्वेला, त्यामुळे विरारपर्यंत जायची तयारी नाही, सासूबाईंचे गुडघे गेलेत आणि त्यांची डॉक्टर बोरिवलीलाच आहे. असं करत करत मीरा रोडवर आलो.

दोन महिने दर रविवारी घरं बघतोय, आता दोन जागांवर गाडी अडकलीय.

पहिली जागा शांती नगरच्या बाजूला, १९९७ ची बिल्डिंग, टू बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट आहे. मालक ७४ लाख म्हणतात. सोसायटी रजिस्टर्ड आहे, शेअर सर्टिफिकेट आहे, पण बिल्डिंगला ओसी (राहायला परवानगी असल्याचा पालिकेचा दाखला) नाही आणि कन्व्हेयन्सही (जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं) झालेलं नाही. मालक हे दुसरे खरेदीदार, बिल्डरने पहिल्या माणसाला दिलेलं मूळ ॲग्रीमेंट त्यांच्याकडे फक्त झेरॉक्स स्वरूपात आहे. वर त्यांची अट अशी की ६० लाख ॲग्रीमेंटमध्ये दाखवायचे आणि १४ रोख.

दुसरी जागा नवा टॉवर, काम सातव्या-आठव्या मजल्यापर्यंत आलंय. वन बीएचके, कार्पेट ४३० स्क्वेअर फूट, किंमत ६९ सांगतात पण जीएसटी, स्टँप ड्युटी, क्लब हाऊस, डेव्हलपमेंट चार्जेस धरून ८२ च्या पुढे जातं. ताबा डिसेंबर २०२८. तिथला सेल्सवाला म्हणतो आज एक लाख टोकन द्या, महिन्याभरात २० टक्के भरा, मग ॲग्रीमेंट रजिस्टर करू. मॉडेल फ्लॅट सुंदर आहे हे खरं, लेक तिथून निघायला तयार नव्हती.

आमच्याकडे एफडी, पीएफ आणि थोडं सोनं मिळून २६ लाख आहेत. हप्ता ५० हजारांच्या आत असावा असं वाटतं.

आता कागदांपलीकडचं लिहिते, कारण मन तिथेच अडकलंय. आधीच्या एका बिल्डिंगमध्ये सेक्रेटरींनी घर दाखवायच्या आधीच विचारलं, नॉनव्हेज करता का घरात? आम्ही मालवणकडचे, घरात मासे नसतील तर सासूबाई जेवल्यासारखं धरत नाहीत. आम्ही हो म्हटलं आणि संध्याकाळी एजंटचा फोन आला की ती जागा "निघून गेली". तीच जागा आजही लिस्टिंगवर आहे. दुसऱ्या एका एजंटने आडनाव ऐकून सरळ सांगितलं, तिथे मराठी फॅमिली घेत नाहीत, तुमचा वेळ वाया घालवू नका. हे ऐकून नवरा दोन दिवस गप्प होता. मुंबईत जन्मलेला माणूस आहे तो, गिरणगावात वाढलेला, त्याला हे लागलं.

आणि ही १९९७ ची बिल्डिंग नेमकी उलटी. जिन्यात भेटलेल्या गुजराती काकूंनी सासूबाईंशी मराठीत बोलायला सुरुवात केली, स्वतःहून सांगितलं की तिसऱ्या मजल्यावर मागच्या बाथरूमची भिंत पावसात ओली होते, नीट बघून घ्या. समोरच्या घरात केरळचं जोडपं, खाली एक मुस्लिम कुटुंब, त्यांची मुलगी आमच्या लेकीएवढी, दोघी दहा मिनिटांत पॅसेजमध्ये खेळायला लागल्या. वर बिहारकडचे एक बँकेतले गृहस्थ, दोन मराठी घरं. खाली उतरल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "माका हंयसर बरां वाटता." त्या घरांबद्दल सहसा काही बोलत नाहीत.

तर ओसी नसलेल्या घरात २६ लाख आणि वीस वर्षांचा हप्ता घालावा का? मूळ ॲग्रीमेंट नसेल तर काय करतात? रोखीचं काय करू? आणि त्या टॉवरवाल्याचे २० टक्के नॉर्मल आहेत का? ज्यांनी मीरा-भाईंदरला घर घेतलंय त्यांनी प्लीज लिहा.

*

प्रतिसाद:

ताई, मी २००३ पासून मीरा रोडला आहे म्हणून लिहितो. इथे एवढ्या बिल्डिंगा विनाओसी का आहेत ते आधी समजून घ्या म्हणजे घाबरायला होणार नाही. १९९१ ला मीरा-भाईंदरची वस्ती पावणेदोन लाख होती, २०११ च्या जनगणनेत आठ लाखांच्या वर गेली. महापालिका झाली २००२ साली, त्याआधी नगरपरिषद. त्या धावपळीत बिल्डरांनी बिल्डिंगा उभ्या केल्या, माणसं राहायला आली, शेवटचा कागद कोणी आणलाच नाही. त्यामुळे ओसी नाही म्हणजे बिल्डिंग अनधिकृत असं लगेच धरू नका, पण अधिकृत आहे असंही धरू नका. फरक सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी) आणि मंजूर नकाशावरून कळतो. महापालिकेच्या नगररचना विभागात माहिती अधिकारात अर्ज टाका, सीसीची आणि मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत मागा. बिल्डिंगच्या नावावर सापडत नाही बऱ्याचदा, जुना सर्व्हे नंबर आणि नवा सर्व्हे नंबर दोन्ही लिहा, जुन्या करारात गावाचं नाव असतं तेही टाका. नकाशात चार मजले आणि जागेवर सात असतील तर तिथेच सोडून द्या, काकू कितीही चांगल्या असल्या तरी.

पाण्याचं नक्की विचारा. आपल्याला स्टेम या पाणी प्राधिकरणाचं आणि एमआयडीसीचं पाणी येतं आणि ते पुरत नाही, सूर्या धरणाच्या योजनेतून २१८ एमएलडी (दिवसाला २१८ दशलक्ष लिटर) मीरा-भाईंदरच्या वाट्याचं आहे. सोसायटीच्या हिशोबात टँकरवर वर्षाला किती गेले ते बघायला मागा, तो आकडा खोटं बोलत नाही. आणि जुलैमध्ये जोराचा पाऊस झाला की त्या गल्लीत एक चक्कर मारा. स्टेशनच्या पश्चिमेला मिठागरं आणि खारफुटी आहे, आपण सगळे सखल भागात राहतो, भरतीच्या वेळी पाणी कुठून परत येतं हे तळमजल्यावरच्या दुकानदाराला बरोबर माहीत असतं.

*

प्रतिसाद:

मी बँकेत गृहकर्जाच्या कामात आहे, पैशांपुरतं सांगते.

रोख देऊ नका. कायद्याचं तर आहेच, जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, पण तुमचाच हिशोब करून बघा. ॲग्रीमेंट ६० चं केलंत तर बँक जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ४८ देईल. उरलेले १२ आणि रोखीचे १४, झाले २६, म्हणजे तुमची सगळी पुंजी संपली आणि स्टँप ड्युटी अजून भरायचीच आहे. पूर्ण ७४ चं ॲग्रीमेंट केलं आणि ५५ लाख कर्ज घेतलं, तर घरचे १९ लागतात. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं धरली तर हप्ता ४७,७०० च्या आसपास बसतो. शिवाय स्टँप ड्युटी ॲग्रीमेंट आणि रेडी रेकनर (सरकारने ठरवलेली किंमत) यातल्या जास्त रकमेवर लागते, त्यामुळे कमी दाखवून वाचतं असं समजू नका.

ड्युटी मीरा-भाईंदरला मेट्रो सेस धरून ७ टक्के. घर फक्त तुमच्या नावावर घेतलं तर बाईमाणसाला १ टक्का सूट आहे, ७४ लाखांवर ७४ हजार वाचतात. नवऱ्याचं नाव मालक म्हणून जोडलं की सूट जाते. ते कर्जात सहकर्जदार राहू शकतात, मात्र मालक नसल्यामुळे व्याजाची करसवलत त्यांना मिळणार नाही, हे दोघं बसून ठरवा. रजिस्ट्रेशन फी ३० हजार. आणि ५० लाखांवरच्या खरेदीत १ टक्का टीडीएस तुम्ही मालकाच्या पैशातून कापून भरायचा असतो, हे मालकांना आधीच सांगा, शेवटच्या दिवशी यावरून भांडणं होतात.

ओसी नसेल तर काही बँका दारातूनच परत पाठवतात, काही जुन्या बिल्डिंगला सीसी, मंजूर नकाशा, टॅक्स पावत्या आणि स्ट्रक्चरल ऑडिट बघून देतात. म्हणून टोकन द्यायच्या आधी कागद बँकेत दाखवा. टोकन दिलंत तर कागदावर लिहून घ्या, कर्ज नामंजूर झालं किंवा टायटलमध्ये (मालकी हक्कात) खोट निघाली तर पूर्ण परत, किती दिवसांत तेही. हरवलेल्या मूळ ॲग्रीमेंटसाठी मालकांनी पोलिसांत तक्रार द्यायची, दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस, आणि दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत. ते खरंच हरवलंय की कुठल्या बँकेत गहाण पडलंय हे यातूनच बाहेर येतं, म्हणून ही पायरी गाळू नका.

*

प्रतिसाद:

टॉवरबद्दल थोडक्यात. रेरा या बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याप्रमाणे ॲग्रीमेंट रजिस्टर केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. २० मागतोय म्हणजे सुरुवातच चुकीची आहे. महारेराच्या साइटवर प्रोजेक्ट नंबर टाकून ताब्याची तारीख, कोर्टकेसेस, जमिनीवरचा बोजा बघा, सेल्सवाला सांगतो ती तारीख आणि तिथली तारीख जुळते का तेही. आणि २०२८ पर्यंत भाडं अधिक हप्ता दोन्ही भरणार आहात का, हे मला तुमच्या पोस्टमध्ये दिसलं नाही.

जुन्या बिल्डिंगबद्दल माझी खरी काळजी कन्व्हेयन्सची आहे. ते नसेल तर जमीन कागदोपत्री अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर. १९९७ ची इमारत, येत्या काही वर्षांत रीडेव्हलपमेंटचं बोलणं निघणारच, तेव्हा सोसायटीच्या हातात काही नसेल. बिल्डर स्वतःहून करून देत नसेल तर डीम्ड कन्व्हेयन्ससाठी, म्हणजे त्याच्याशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्यासाठी, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. सोसायटीने केलाय का, ठराव झालाय का, एवढं विचारा. जिथे कमिटी हे काम करतेय तिथे घर घ्यायला हरकत नाही असं माझं मत, जिथे वीस वर्षं कोणी हललंच नाही तिथे नाही.

आणि ते नॉनव्हेजचं वाचून वाईट वाटलं. सहकार कायद्यात पुरेसं कारण असल्याशिवाय पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येत नाही, आणि अर्जावर तीन महिन्यांत काही कळवलं नाही तर सभासद झाल्याचं मानलं जातं. मॉडेल बायलॉजप्रमाणे फ्लॅट ट्रान्सफरला सोसायटीची एनओसी लागतही नाही, बँक मागते म्हणून घ्यावी लागते. ट्रान्सफर प्रीमियमची कमाल मर्यादा २५ हजार आहे, "डोनेशन" म्हणून लाख-दोन लाख मागितले तर देऊ नका. पण हेही सांगतो, कायदा दार उघडून देतो, शेजार देत नाही. तुम्हाला शेजार आधीच मिळालाय असं दिसतंय.

*

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री नवऱ्याला आणि सासूबाईंना तिन्ही उत्तरं वाचून दाखवली. भाडं अधिक हप्त्याचं गणित आम्ही खरंच केलंच नव्हतं. आमचं भाडं २८ हजार आहे, जसजसं बिल्डरला पैसे सुटतील तसतसा हप्ता वाढत जाणार, ते जमणारं नाही. टॉवर सोडला. लेकीला समजावलंय.

काल संध्याकाळी जुन्या बिल्डिंगच्या सेक्रेटरींना भेटले. त्यांनी फाइलच काढून समोर ठेवली. डीम्ड कन्व्हेयन्सचा ठराव गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत झालाय, २४ पैकी २१ जणांनी आपापल्या ॲग्रीमेंटच्या प्रती दिल्यात. जे तीन बाकी आहेत त्यात आमचे मालक आहेत, कारण तेच, मूळ प्रत नाही. म्हणजे ती प्रमाणित प्रत काढली तर आमचं आणि सोसायटीचं, दोघांचंही काम पुढे सरकेल. स्ट्रक्चरल ऑडिट झालंय, रिपोर्टची कॉपी देतो म्हणाले. टँकरचा आकडाही दाखवला, तो बघून पोटात गोळा आला पण लपवला नाही हे बरं वाटलं.

मालकांशी नवरा बोलला. पूर्ण चेकने घ्यायला ते अजून तयार नाहीत, ६८ आणि ६ वर आलेत. आम्ही नाही म्हटलंय, एक रुपयाही रोख नाही, आणि शनिवारपर्यंत त्यांनी विचार करून सांगायचं ठरलंय. सोमवारी नगररचना विभागात माहिती अधिकाराचा अर्ज देतेय, दोन्ही सर्व्हे नंबर सेक्रेटरींकडून लिहून आणलेत.

आता एकच विचारायचं आहे. ठाणे जिल्ह्यातल्या जुन्या जमिनींचे कागद नीट वाचणारे, टायटल सर्च करून देणारे वकील कुणाच्या ओळखीत असतील आणि तुम्ही स्वतः त्यांच्याकडून काम करून घेतलं असेल, तर त्यांना विचारून मला खाजगी संदेशात कळवाल का? तीस वर्षांचा सर्च करायचा तर फी साधारण किती धरावी तेही सांगा. गुजराती काकूंचा सकाळी फोन आला होता, काय ठरलं म्हणून विचारत होत्या, त्यांना म्हटलं शनिवारी सांगते.