आश्रय मागणाऱ्यांना काम करण्याचा परवाना: आपल्या कायद्यात तरतूद आहे का?

गंगापूररोड_विधी:
नमस्कार. मी नाशिकमध्ये विधी शाखेत शिकतो. आश्रयासाठी अर्ज केलेल्या परदेशी व्यक्तीने निकाल लागेपर्यंत पोट कसे भरावे, याचे उत्तर आपल्या कायद्यात सापडते का? इतर देशांनी त्यासाठी किती मुदत ठेवली आहे?

वकील_सीबीएस:
भारताने 1951 चा निर्वासितविषयक करार स्वीकारलेला नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. त्यामुळे अशी व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने केवळ परदेशी ठरते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या 2011 च्या कार्यपद्धतीनुसार तिला दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळाला, तर खासगी क्षेत्रात नोकरी करता येते. परंतु ही प्रशासकीय सवलत आहे, हक्क नव्हे. राज्यघटनेच्या कलम 19 मधील व्यवसायस्वातंत्र्य फक्त नागरिकांना आहे. जीविताचे संरक्षण देणारे कलम 21 परदेशी व्यक्तींनाही लागू होते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात स्पष्ट केले खरे, पण त्यातून परवाना आपोआप मिळत नाही.

देवळालीकर:
युरोपीय संघाच्या 2013 च्या निर्देशात, अर्ज केल्यापासून काम करू देण्यासाठी कमाल मुदत नऊ महिन्यांची होती, ती 2024 च्या निर्देशाने सहा महिन्यांवर आणली. अमेरिकेत कायद्यानुसार अर्ज दाखल झाल्यापासून 180 दिवसांच्या आत परवाना देता येत नाही. ब्रिटनमध्ये वर्षभर निकाल न लागल्यास, आणि तो विलंब अर्जदारामुळे झालेला नसल्यास, परवानगी मागता येते. तीही ठरावीक यादीतील नोकऱ्यांपुरती. युगांडाचा 2006 चा कायदा मात्र मान्यताप्राप्त निर्वासितांना रोजगाराचा हक्कच देतो, आणि हे लाखो निर्वासितांना सामावून घेणाऱ्या देशाने केले, याची नोंद आपण अवश्य घ्यावी.

सातपूर_कामगार:
मी सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील कंत्राटी कामगारांचे प्रश्न हाताळतो, म्हणून हा विषय मला जवळचा वाटतो. ज्याला काम करण्याची परवानगीच नाही, तो उपाशी राहत नाही, चोरून काम करतो. ठेकेदाराने मजुरी बुडवली तरी तक्रार करायला धजावत नाही, आणि त्याच्या शेजारी राबणाऱ्या स्थानिक मजुराचा दरही त्यामुळे खाली येतो. परवाना दिल्यास खोटे अर्ज वाढतील, ही भीती अगदीच निराधार नाही, पण तिच्यावरचा उपाय म्हणजे निकाल लवकर देणे. विलंब सरकारचा आणि उपासमार अर्जदाराची, हे मला मान्य नाही. आपण यासाठी कायद्याचा मसुदा लिहिणार असाल, तर सहा महिन्यांत निकाल न लागल्यास परवाना आपोआप मिळावा आणि किमान वेतनाचे कायदेशीर संरक्षण परवाना नसलेल्यालाही मागता यावे, ही दोन कलमे त्यात जरूर घालावीत.