पुवात लाल काड्या दिसल्या म्हणजे टीबीच असं नाही

एकांनी विचारलंय, "स्लाइडवर टीबीचे जंतू दिसले ना, मग जंतूची जात ओळखायला जीन सिक्वेन्सिंगचा खर्च कशाला?"

नेमकं इथेच फसायला होतं. इथे नागपुरात आमच्या काकूंचं पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. महिन्याभराने बेंबीजवळच्या टाक्यातून पू. स्लाइडवर लाल काड्या (रंगवल्यावर लाल दिसणारे काडीसारखे जंतू) दिसल्या, लगेच टीबीच्या गोळ्या सुरू. फरक शून्य. शेवटी कल्चर (जंतू वाढवून पाहायची तपासणी) लावलं तर ५ दिवसांत वाढ! टीबीच्या जंतूला आठवडे लागतात. हे जंतू त्याचेच भाऊबंद, पण नळाच्या पाण्यातले, मातीतले. नीट निर्जंतुक न झालेल्या अवजारांवरून जखमेत शिरतात.

आणि सिक्वेन्सिंग कुठल्या जीनचं, तेही विचारा. नुसत्या १६एस जीनवरून या भाऊबंदांपैकी चिलोनी आणि अ‍ॅब्सेसस या दोन प्रजाती नीट वेगळ्या होत नाहीत. एचएसपी६५ किंवा आरपीओबी हा जीन लागतो. हा फक्त नावाचा घोळ नाही बरं. अ‍ॅब्सेससच्या मूळ उपप्रजातीत औषधाला दाद न देणारा ईआरएम४१ जीन बहुधा चालू असतो, त्यामुळे क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आधी लागू पडल्यासारखं वाटतं, मग हात टेकतं. मॅसिलिएन्स या त्याच्याच दुसऱ्या उपप्रजातीत तोच जीन तुटका, तिथे हे औषध चालतं.

काकूंचा जंतू फॉर्च्युइटम, म्हणजे याच भाऊबंदांपैकी आणखी एक, निघाला. कळेपर्यंत ३ महिने टीबीच्या गोळ्या खाऊन झाल्या होत्या.