मदत हवी आहे: थायरॉइड एफएनएसी (बारीक सुईने पेशी काढून तपासणी), बेथेस्डा (थायरॉइडच्या पेशी-अहवालाची वर्गवारी) ३ की ४?

चाळिशीतल्या बाई, उजव्या लोबमध्ये २.१ सेंमीची गाठ, सोनोग्राफीवर टायरॅड्स (गाठ किती संशयास्पद दिसते त्याची श्रेणी) ४. पहिल्या एफएनएसीत पेशी तुरळक, कोलॉइड (थायरॉइडमधला चिकट द्राव) जवळपास नाही, एयूएस (पेशी वेगळ्या वाटतात, पण अर्थ अनिश्चित; म्हणजे बेथेस्डा ३) दिलं. तीन महिन्यांनी सोनोग्राफीखाली पुन्हा केली. आता पेशी भरपूर, बहुतेक मायक्रोफॉलिकल्स (पेशींची छोटी कडी). काही न्यूक्लियस थोडे मोठे, फिकट, चार-दोन ग्रूव्ह्ज (न्यूक्लियसवरच्या खाचा). स्यूडोइन्क्लूजन (न्यूक्लियसच्या आत शिरलेला सायटोप्लाझम, पॅपिलरी कॅन्सरची खूण) पॅप आणि गिम्सा दोन्ही स्टेनमध्ये शोधून दमले, एकही नाही. सेल ब्लॉकमध्ये (काढलेल्या पेशींचा मेणातला ठोकळा) नुसतं रक्त. मॉलिक्युलर टेस्ट (पेशींतले जनुकीय बदल पाहणारी) बाईंना परवडणार नाही.

२०२३च्या बेथेस्डात सौम्य न्यूक्लियर बदल असले तरी फॉलिक्युलर निओप्लाझम (म्हणजे बेथेस्डा ४) म्हणता येतं, पण मग सर्जन लोबेक्टॉमीकडेच (थायरॉइडचा तो लोब काढण्याकडे) वळतील. विनाकारण ऑपरेशन नको, आणि कॅन्सर सुटायलाही नको. एवढ्या बदलांवर तुम्ही ‘न्यूक्लियर अटिपियासह एयूएस’ लिहाल की थेट ४, आणि कशाच्या आधारावर?