पब्लिक नेटवर्क: सार्वजनिक, जाहीर की परकं?

पत्रकवाली:
नागपूरच्या धरमपेठेतल्या एका वाचनालयात ज्येष्ठांसाठी संगणकाचे वर्ग चालतात. त्यांच्यासाठी मराठीत छोटं पत्रक लिहिते आहे आणि एका शब्दावर अडले आहे. लॅपटॉप नव्या वायफायला जोडला की हे जाळं (नेटवर्क) कोणत्या प्रकारचं, ते विंडोजला सांगावं लागतं. विंडोज ७ मध्ये होम, वर्क आणि पब्लिक असे तीन पर्याय होते, १० आणि ११ मध्ये प्रायव्हेट आणि पब्लिक असे दोनच उरले. मी सरळ 'खासगी नेटवर्क' आणि 'सार्वजनिक नेटवर्क' लिहून मोकळी झाले. वर्गातल्या एका काकूंनी कच्चा मजकूर वाचला आणि म्हणाल्या, "मी तर नेहमी खासगीच निवडते. रेल्वे स्टेशनवर तर आवर्जून. आपला लॅपटॉप सार्वजनिक कशाला करायचा?"

काकूंचं काही चुकलं असं मला वाटत नाही. समोर 'खासगी' आणि 'सार्वजनिक' ठेवलं तर सावध माणूस खासगीच उचलणार. पण घडतं नेमकं उलट. 'पब्लिक' निवडलं की त्या जाळ्यावरच्या इतरांना आपला लॅपटॉप दिसत नाही, फाइल आणि प्रिंटर शेअरिंग बंद राहतं. 'प्रायव्हेट' निवडलं की तो इतरांना दिसू लागतो. म्हणजे स्टेशनवर खासगी निवडणाऱ्या काकू स्वतःच दार उघडून बसतात.

मला असा शब्द हवाय जो ऐकताच जागेला चिकटेल, लॅपटॉपला नाही. सुचवा.

परसोडी_आयटी:
घोळ इंग्रजीतही हाच आहे. आमच्या ऑफिसात इंजिनिअर झालेली मुलं विचारतात की पब्लिक केलं तर माझ्या फाइली सगळ्यांना दिसतील का. विंडोज १० मध्ये म्हणूनच बहुधा प्रश्न फिरवला होता: जाळ्यावरच्या इतर संगणकांना तुमचा पीसी सापडू द्यायचा का, हो की नाही. हा प्रश्न शब्दाच्या भानगडीत पडत नाही, थेट परिणाम विचारतो. पत्रकात तोच घ्या.

आणखी दोन गोष्टी जरूर लिहा. इंटरनेटचा वेग, यूट्यूब, बँकेचं काम यांवर या निवडीचा काही परिणाम नाही. आणि पब्लिक निवडलं म्हणून वायफायवरून जाणारी माहिती कुलूपबंद होत नाही, ते काम वायफायच्या पासवर्डचं आणि वेबसाइटच्या एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीचं. ही निवड फक्त शेजारच्या यंत्रांपुरती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा घातक प्रोग्राम पसरला तो फाइल शेअरिंगच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टमधूनच (म्हणजे जोडणीच्या वाटेनंच), त्यामुळे 'फक्त' म्हटलं तरी हलकं समजू नका. घरात प्रिंटर किंवा फोल्डर वाटून वापरायचं नसेल तर घरीही पब्लिक ठेवलेलं चालतं.

कोशप्रेमी:
शब्दात दोष नाही, वापरात आहे. सार्वजनिक म्हणजे सर्व जनांचे. पुण्यात १८७० मध्ये सार्वजनिक सभा निघाली, १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव रुजला, आपल्याकडे सार्वजनिक बांधकाम विभाग आहे. सार्वजनिक वाचनालयात बसलेला वाचक सार्वजनिक होतो असे कोणाला वाटत नाही, कारण तिथे विशेष्य स्पष्ट आहे. 'सार्वजनिक ठिकाणचे जाळे' असे पूर्ण लिहा, काकूंचा गैरसमज राहणार नाही. मात्र 'खासगी' टाळा. 'निजी' हा नेमका, तत्सम वळणाचा शब्द हाताशी आहे.

महालचा:
'निजी' मराठी? नागपुरात हिंदी कानावर पडते म्हणून ती मराठी होत नाही. निजी बस, निजी अस्पताल हे जबलपूरच्या रस्त्यावरचे शब्द.

कोशप्रेमी:
निजधाम, निजरूप, निजसुख हे शब्द संतांनी शेकडो वर्षे वापरले आहेत. हिंदीने वापरला म्हणून आपला शब्द आपण टाकायचा का?

महालचा:
'निज' आपला आहे, 'निजी' नाही. ईकार लावला की शब्दाचा संसार बदलतो.

आणि खासगीला नावं ठेवू नका. खास आणि आम ही अरबीतून फारसीमार्गे आलेली जोडी, दिवाण-ए-खास आणि दिवाण-ए-आम. होळकरांच्या दौलतीत 'खासगी' हा स्वतंत्र हिशेब होता, राज्याच्या तिजोरीपासून वेगळा. इतका मुरलेला शब्द परका कसा?

पत्रकवालीताई, खरी गंमत 'जाहीर'मध्ये आहे. जाहीर सभा, जाहीर सूचना म्हणताना आपण त्याला पब्लिकचा प्रतिशब्द धरतो, पण अरबी ज़ाहिरचा मूळ अर्थ दिसणारं, उघड. म्हणजे तुमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हेट निवडल्यावर लॅपटॉप खऱ्या अर्थानं जाहीर होतो. शब्द मुळापासून पाहिला तर काकूंना हेच समजावता येईल: स्टेशनवर जाहीर होऊ नका.

कोशप्रेमी:
राज्यव्यवहारकोश शिवरायांनी कशासाठी करवून घेतला? कारभारातले फारसी शब्द बाजूला सारून संस्कृत शब्द देण्यासाठीच. आणि या नागपुरात राहून कोशकार डॉ. रघुवीरांनी संस्कृत धातू, उपसर्ग, प्रत्यय यांतून परिभाषा घडवली. त्या शहरातल्या माणसाने जाहीर आणि खास यांची वकिली करावी याचे मनापासून वाईट वाटते. शब्द घडवला, पुन्हा पुन्हा वापरला, की रुळतो. महापौर रुळला, दिग्दर्शक रुळला.

मौद्याची:
काऊन एवढं जड करून राहिले तुमी? आमच्या गावी घराले सपरी असते. सपरीत कोणीबी येऊन बसते, पाणी पिते, गप्पा मारते. माजघरात फक्त आपलेच लोकं. मंग लिवा ना, सपरीचं वायफाय आन् माजघराचं वायफाय. आजीले एका दमात समजते. सपरीत बसलं का दागिने पसरून ठेवत नाई कोणी.

परसोडी_आयटी:
माझ्या फ्लॅटमध्ये हॉल आणि बेडरूम आहे. मुलगी दहावीत आहे, तिला सपरी म्हणजे काय ते सांगण्यातच पत्रक संपेल.

मौद्याची:
वर्ग ज्येष्ठांचा हाय, पोरीचा नाई. त्याइले पुसून पाहा.

हॉस्टेल_नंदनवन:
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मी पीजीत राहते. वायफाय मालकांचं, पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला, खोल्या पुष्कळ, आणि दर सहा महिन्यांनी नवी माणसं. मला ते घरचं वाटतं कारण मी तिथे झोपते. पण लॅपटॉपच्या दृष्टीनं ते पब्लिक ना?

यात 'घरगुती' हा शब्द सगळ्यात फसवा आहे. जुन्या विंडोजमधल्या 'होम'ला काही जण घरगुती नेटवर्क म्हणतात. पण आमच्या पीजीची जाहिरातच 'घरगुती वातावरण' अशी आहे, खालची मेस 'घरगुती खानावळ' आहे, आणि तिथे पैसे देऊन कुणीही जेवतो. घरगुती म्हणजे घरासारखं. घरचं म्हणजे घरचं. विजेच्या बिलावरचं घरगुती तेवढं वेगळं, तिथे घराच्या वापरासाठीचं असा अर्थ आहे.

परसोडी_आयटी:
हो, पीजीत पब्लिकच ठेव. पासवर्ड आहे म्हणून जाळं खासगी होत नाही. तो पासवर्ड किती अनोळखी लोकांकडे आहे ते बघायचं. काही राउटरांमध्ये जोडलेली यंत्रं एकमेकांपासून वेगळी ठेवायची सोय असते, पण ती चालू आहे की नाही हे तुला बाहेरून कळणार नाही.

विंडोज ७ सोबत २००९ मध्ये होमग्रुप आलं होतं, म्हणजे घरातल्या संगणकांत फाइली आणि प्रिंटर वाटून वापरायची सोय; होम निवडलं तरच ते चालायचं. २०१८ मध्ये विंडोज १० मधून काढून टाकलं. तेव्हा 'होम' या शब्दाच्या मागे निदान एक ठरावीक काम होतं. आता प्रायव्हेटमध्ये घर, ऑफिस सगळं एकत्र कोंबलंय.

पत्रकवाली:
घरगुती आणि घरचं यातला हा फरक मला नेमका हवा होता, त्याबद्दल आभार. त्यावरून सुचलं: 'आपलं नेटवर्क' आणि 'परकं नेटवर्क'. आपलं-परकं ही जोडी काकूंच्या तोंडात रोजची आहे. 'परकं' म्हटलं की परके कोण, तर त्या जाळ्यावरचे लोक, हे आपोआप कळतं. 'माझा लॅपटॉप परका कशाला करू' असं कोणी म्हणणार नाही. पीजीवालीलाही चालेल: राहते तिथेच, पण जाळं परकं.

अडचण एवढीच की पडद्यावर 'परकं' असं कुठेच नाही. पडदा मराठीत असो वा इंग्रजीत, काकूंना शेवटी बोट ठेवायचंय ते पब्लिक किंवा सार्वजनिक या अक्षरांवर.

कोशप्रेमी:
परके हा चांगला शब्द आहे, 'पर'पासून आलेला. माझी हरकत नाही. पण पत्रकात 'परके जाळे' असे लिहा, नेटवर्क नको. आणि वायरलेसला 'बिनतारी' हा शब्द पोलीस खात्यात कित्येक वर्षे चालत आला आहे.

महालचा:
बिनतारीमधल्या तारेचं मूळ एकदा कोशात पाहा, मग शुद्धतेचं बोलू.

मौद्याची:
पडद्यावर पब्लिक हाय ना? मंग अडलं कुठं? पब्लिक मराठीच हाय आता. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी इतवारीत केवढी पब्लिक असते! पब्लिक म्हणजे गर्दी, लोकं. काकूले सांगा, जिथं पब्लिक हाय तिथं पब्लिक दाबा. सार्वजनिक लिवलं म्हणूनच त्या फसल्या. पब्लिक लिवलं असतं तर फसल्या नसत्या.

हॉस्टेल_नंदनवन:
हे पटतंय. आम्हीही 'आज मेसमध्ये लई पब्लिक आहे' असंच म्हणतो. इंग्रजीतलं विशेषण आपण नाम करून घेतलं आणि तेच इथे कामी येतंय.

कोशप्रेमी:
गर्दी हा शब्द असताना? आणि 'पब्लिक' स्त्रीलिंगी कोणत्या नियमाने?

महालचा:
जनता स्त्रीलिंगी, त्या नियमानं. बाकी, कोणीतरी वर खासगीला 'खाजगी' करायच्या आधीच लिहून ठेवतो: ख़ासपासून आला म्हणून खासगीच. खाजगी हा बोलण्यातला उच्चार.

परसोडी_आयटी:
शाळेच्या पुस्तकात आम्ही खाजगीच वाचलं. वर्तमानपत्रंही दोन्ही छापतात.

कोशप्रेमी:
दोन्ही छापतात म्हणून दोन्ही बरोबर होत नाहीत. याच एका बाबतीत महालचा यांच्याशी सहमत, लिहायचाच तर खासगी.

पत्रकवाली:
पत्रक छापायला द्यायचंय. 'पब्लिक: जिथे परकी माणसं त्याच वायफायवर आहेत' आणि 'प्रायव्हेट: जिथे सगळी यंत्रं आपल्याच माणसांची' असं लिहिलं तर चालेल? आणि पीजीसारख्या अर्ध्या घराचं उदाहरण कोणत्या ओळीत घालू?

मौद्याची:
चालते. पर एक सांगा, 'वायफाय आला' म्हणता का 'वायफाय आलं'? आमच्या घरी सगळे 'आला' म्हणतात, आन् पुण्याची वहिनी दर खेपेले 'आलं' म्हणून दुरुस्त करते.