ठिबकचं उदाहरण दिलं आणि पोरं भलतंच शिकली

जामनेरचे_सर:
मी आठवीला विज्ञान शिकवतो. करंट समजवायला दरवर्षी ठिबकचं उदाहरण देतो, मोटर म्हणजे सेल, नळी म्हणजे वायर, पाणी म्हणजे करंट, पोरं शेतकऱ्यांचीच त्यामुळे पटकन डोक्यात शिरतं. परवा दोन सारखे बल्ब एकामागे एक जोडायच्या आधी विचारलं, जास्त कोणता पेटेल? जवळपास सगळा वर्ग म्हणे पहिला. का, तर सर टोकाच्या झाडाला पाणी कमीच पोचतं ना. दोन्ही सारखेच पेटले तर एक जण म्हणतो पहिला बल्ब जुना असेल! म्हणजे पोरांचं बरोबरच, नळीनेच घोळ केला. सोडून देऊ का हे उदाहरण?

भुसावळकर:
सोडू नका सर, बदला. ठिबकमध्ये पाणी वाटेत गळत जातं, करंट नाही गळत, सेलमधून जेवढा निघाला तेवढाच परत येतो, खर्च होते ती ऊर्जा. मी सायकल उलटी करून चेन दाखवतो. पायडल म्हणजे सेल, मागचं चाक म्हणजे बल्ब. एकही कडी चाकात संपत नाही तरी चाक फिरतं. आणि बटण दाबल्याबरोबर लाइट कसा लागतो तेही यातच सुटतं, कारण तारेतले इलेक्ट्रॉन मुंगीपेक्षा हळू सरकतात, सेकंदाला मिलिमीटरभरही नाही, पण हलतात सगळे एकदमच.

केळीवाला_रावेर:
भो हे फक्त करंटचं नाही. मला बारावीला शिकवलं डीएनए म्हणजे शरीराचा नकाशा. पुढे टिश्यूची केळी, म्हणजे लॅबमध्ये एकाच झाडाच्या तुकड्यापासून वाढवलेली रोपं, लावली, सगळ्या रोपांचा डीएनए एकच, मग घड एका मापाचे यायला पाहिजेत की नाही? बागेत आत घड २५ किलोचा आणि बांधाकडच्या खोडाला, वारा अन् ऊन खाऊन, १५ पण भरेना. रोपवाल्याशी भांडून आलो राव, त्याची चूक नसताना. घराच्या नकाशात खिडकीवर बोट ठेवता येतं, डीएनएत घडाचं वजन असं एका जागी लिहिलेलं नसतं. भरताची रेसिपी म्हटलं असतं तर कळलं असतं, रेसिपी तीच, पण वांगं पऱ्हाटीवर भाजलं का गॅसवर, चव वेगळीच.

धुळ्याची_बायोवाली:
दादा रेसिपी बरी, पण भरीत करायला कोणीतरी बाई लागते ना. पेशीत अशी बाई नाहीच, रेसिपी वाचणारी प्रथिनं पण त्याच रेसिपीतून बनतात! अन् पेशीचं ‘सेल’ हे इंग्रजी नावच बघा, १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचात रिकाम्या खोल्या दिसल्या म्हणून ठेवलेलं, बूच मेलेलं होतं म्हणून रिकाम्या. आमची पोरं अजून पेशी म्हणजे चौकोन आणि मधे एक ठिपका अशीच काढतात, आतली गर्दी नाहीच. मी आता उदाहरण दिलं की लगेच विचारते, हे कुठं फसतं सांगा. पोरं तुटून पडतात.

जामनेरचे_सर:
ताई हे भारी. चेन उद्याच दाखवतो. पण समांतर जोडणीला एका चेनच्या दोन वाटा कशा करू? तिथं परत नळीच लागेल वाटतं, दोन फाटे फुटून पुढे एकत्र होणारी आणि सगळं पाणी परत विहिरीत सोडणारी.