‘सर्व्हर-साइड रिक्वेस्ट फोर्जरी’साठी मराठी शब्द

दादरची भाषांतरकार
एका पतसंस्थेच्या संचालकांसाठी मी सुरक्षा-अहवालाचे भाषांतर करत आहे. त्यांच्या स्टोरेज सॉफ्टवेअरमध्ये कोणीही पत्ता भरला की सर्व्हर स्वतः त्या पत्त्याशी संपर्क साधतो आणि तो पत्ता आतल्या नेटवर्कमधला आहे का, हे पाहत नाही, असा ‘सर्व्हर-साइड रिक्वेस्ट फोर्जरी’ (एसएसआरएफ) नावाचा दोष त्यात नोंदवला आहे. मी ‘सर्व्हरकडील बनावट विनंती’ असे लिहिले होते. तपासणाऱ्यांनी ‘बनावट’ खोडून ‘खोटी’ केले. योग्य काय?

ऐरोलीकर
ताई, दोन्ही शब्द दिशाभूल करतात, कारण विनंती खऱ्या सर्व्हरनेच पाठवलेली असते आणि म्हणूनच फायरवॉलच्या (बाहेरचा संपर्क रोखणाऱ्या यंत्रणेच्या) आतली यंत्रे तिला निमूटपणे उत्तर देतात. बाहेरचा माणूस ती कुठे जावी एवढेच ठरवतो. मिनआयओ या स्टोरेज सॉफ्टवेअरमधला असा दोष २०२१ च्या जानेवारीत दुरुस्त झाला. कॅपिटल वन बँकेच्या २०१९ मधील प्रकरणात सर्व्हरकरवीच क्लाउडमधली तात्पुरती प्रवेश-ओळख मिळवली गेली आणि अमेरिकेतल्या सुमारे दहा कोटी लोकांची माहिती बाहेर गेली. मी ‘परहस्ते विनंती’ म्हणेन.

गिरगावचा मोडीवाचक
‘हस्ते परहस्ते’ पाठवलेल्या वस्तूत कपट नसते, त्यामुळे हा शब्द फार सौम्य वाटतो. बनावट कागदावर शिक्काच खोटा असतो. येथे मोर्तब अस्सल आहे, मजकूर मात्र परक्याचा आहे.

ठाण्याची वाचक
मग ‘तोतया विनंती’ का नको?

गिरगावचा मोडीवाचक
तोतया दुसऱ्याचे सोंग घेतो. १७७६ साली देहदंड झालेला इसम सदाशिवरावभाऊ असल्याचे भासवत होता. येथे भाऊ खरेच असतात आणि त्यांच्याकडून पत्र भलताच कोणी लिहवून घेतो. म्हणून मी ‘वदवलेली विनंती’ सुचवतो.

मुलुंडकर
दोष दुरुस्त करणारा अभियंता ‘एसएसआरएफ’ हेच नाव शोधणार आहे. वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या २०२१ च्या प्रमुख धोक्यांच्या यादीत तो दहाव्या क्रमांकावर याच नावाने आहे. नाव तसेच ठेवून खाली दोन वाक्यांत अर्थ द्यावा. शिवाय यंत्र कोणाची विनवणी करत नाही; ‘विनंती’ऐवजी ‘मागणी’ हवे.

दादरची भाषांतरकार
पतसंस्थेत ‘मागणी’ म्हटले की थकीत कर्जाची नोटीस आठवते. संचालक पहिल्याच ओळीला अडतील.

गिरगावचा मोडीवाचक
‘विनंती अर्ज’ आपण रोज लिहितो आणि त्यात कोणी गयावया करत नाही. शब्द रुळला की त्यातला नम्रपणा झिजतो.

मुलुंडकर
माणसाच्या अर्जात झिजला असेल, साहेब. पण सर्व्हर एका सेकंदात हजारो वेळा जे मागतो, त्याला अर्ज म्हणणे मला पटत नाही.

ऐरोलीकर
‘मागणी’ आणि ‘विनंती’ यांचा निवाडा नंतर करू. ताईंच्या अहवालात ‘खोटी’ राहिले, तर संचालक खोटी विनंती ओळखणारी यंत्रणा विकत घेतील, आणि सर्व्हरने कोणत्या पत्त्यांवर जावे याची परवानगी-यादी, जो खरा उपाय आहे, ती कोणी करणारच नाही.

ठाण्याची वाचक
‘विनंती’च्या जागी ‘पृच्छा’ चालेल का?